शंभर चिंचोके आणि एक ग्रामसभा

एका ग्रामसभेत मी पाऊण तास भांडण ऐकत बसलो होतो. विषय बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा. एकजण म्हणत होता, वरच्या बंधाऱ्याला गळती आहे. दुसरा म्हणत होता, छे, तो तर गेल्याच वर्षी नीट केला. तिसऱ्याचं म्हणणं, तिथं पाणी थांबतच नाही तर दुरुस्त काय करायचं? आवाज चढले, भावकीतली जुनी उणीदुणी निघाली. शेवटी कुणीतरी एका पोराला शाळेतून खडू आणायला पिटाळलं आणि समाजमंदिराच्या शहाबादी फरशीवर ओढ्याची वाकडी रेघ ओढली. तिच्यावर आडव्या तीन रेघा मारल्या. तेव्हा उलगडलं की तिघं तीन वेगळ्या बंधाऱ्यांबद्दल बोलत होते. ‘वरचा’ कुठला, हे ज्याच्या त्याच्या शेतावरून ठरत होतं. तिघंही खरंच सांगत होते.

रेघा मारायला दोन मिनिटंही लागली नसतील. पाऊण तासाच्या बोलण्यानं जे झालं नाही ते त्या रेघांनी कसं केलं, याचा मी पुढे बराच विचार केला. पाण्याच्या नियोजनाच्या बैठकांना गावोगाव बसताना जे दिसलं आणि त्यामागची जी कारणं समजली, ती इथे मांडतो. उदाहरणं ग्रामसभेची आहेत, कारण मला तीच जवळून माहीत आहेत. बचत गट, पाणीवापर संस्था किंवा शहरातली गृहनिर्माण सोसायटी, कुठेही माणसं तीच असतात.

बोलणं हवेत विरतं, ही पहिली अडचण. माणूस एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आणखी खाली, जेमतेम चारावर आणला. आता ग्रामसभेतला पाण्याचा विषय घ्या. तीन बंधारे, दोन पाझर तलाव, चाळीस विहिरी, त्यातल्या कोरड्या किती, कुणाच्या शेतात काय पीक, टँकर कधी लागला होता. चार खुंट्यांवर एवढं टांगायचं कसं? पाचवा मुद्दा आला की पहिला खाली पडतो, आणि ज्याचा पडला तो उठून तोच मुद्दा पुन्हा मांडतो. सभा गोल गोल फिरते ती अशी. लोक हट्टी असतात म्हणून हे होतं असं आपण समजतो. खरं तर आपला मुद्दा कुठे नोंदला गेलाय हे त्यांना दिसत नसतं.

दुसरी अडचण पाळीची. एकजण बोलत असताना बाकीचे थांबलेले असतात, आणि थांबता थांबता स्वतःचा विचार विसरतात किंवा सोडून देतात. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या दोन संशोधकांनी १९८७ साली प्रयोगांतून दाखवलं की एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा संख्येनं कमी भरतात. याचं मोठं कारण त्यांना या पाळीतच सापडलं. त्याआधी १९८५ मध्ये गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. जी माहिती सगळ्यांना आधीच ठाऊक असते तिच्यावरच गट जास्त बोलतो, आणि जी एकट्यादुकट्यालाच माहीत असते ती बाहेर येतच नाही. आपल्याकडे तर हे फार जाणवतं. कुठली विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते हे तिथं रोज घागर बुडवणाऱ्या बाईला नेमकं माहीत असतं. ती ग्रामसभेत दाराजवळ, पदर सावरून बसलेली असते आणि तिची बोलायची पाळी कधी येतच नाही.

रेघ किंवा खूण या दोन्ही अडचणींवर काम करते. मुद्दा जमिनीवर उतरला की डोक्यात धरून ठेवायची गरज उरत नाही. आणि चित्रावर एका वेळी दहा माणसं बोट ठेवू शकतात, पाळी लागत नाही. तिसरा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गावात प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा चुलता, मेव्हणा, व्याही असतो. ‘अण्णा, तुमच्या बोअरनं आमची विहीर आटली’ हे भर सभेत तोंडावर म्हणणं म्हणजे पुढच्या लग्नकार्यातलं जाणं-येणं तोडणं. फरशीवरच्या दोन टिंबांकडे बोट दाखवून ‘ही आटते तेव्हा ही चालू असते का?’ एवढं मात्र विचारता येतं. अण्णाही मग त्या टिंबाकडेच बघून उत्तर देतात.

जमिनीवर गावाचा नकाशा काढायची पद्धत आता तशी जुनी झाली. १९८८-८९ च्या सुमारास गुजरातेत आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमानं आणि कर्नाटकात मायराडा या संस्थेनं ती गावकऱ्यांबरोबर करून पाहिली. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या विकास अभ्यास संस्थेतले रॉबर्ट चेंबर्स यांनी तिच्यावर भरपूर लिहिलं आणि ती जगभर पोचवली. संस्थांमधली माणसं तिला ‘पीआरए’ (पार्टिसिपेटरी रूरल अप्रेझल) म्हणतात. नाव बाजूला ठेवू. साहित्य काय लागतं? रांगोळी, गुलाल, हळद, चुना, वीटकरीचा चुरा, झाडाचा पाला, खडे. जागा पाराजवळची किंवा शाळेच्या पटांगणातली, सकाळची, सावली असताना.

सुरुवात सगळ्यांना मान्य असलेल्या खुणेपासून करावी: मारुतीचं देऊळ, मोठा वड, एसटीचा थांबा. तिथून रस्ता, मग ओढा, मग वस्त्या. विहिरीला खडा, बोअरला बाटलीचं झाकण, बंधाऱ्याला काडी. उताराची दिशा बाणानं दाखवावी, कारण पाण्याच्या नकाशात तीच मुख्य. तासाभरात नकाशा उभा राहतो आणि तो चुकीच्या मापाचा असतो. तसाच असू द्यावा. ज्यांना जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं निघतं, आणि नेमकं तेच आपल्याला जाणून घ्यायचं असतं.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीला एका गावाचा नकाशा मी घरी बसून, मोजपट्टी लावून, रंगीत पेनांनी सुबक काढून नेला होता. भिंतीवर लावला. लोकांनी कौतुक केलं, ‘छान काढलाय’ म्हणाले आणि खाली बसून राहिले. दोन तासांत एकानंही त्याला हात लावला नाही. एक पाझर तलाव मी ओढ्याच्या चुकीच्या काठावर दाखवला होता हे सभा संपल्यावर चहा पिताना कळलं. ते आधीच चारपाच जणांच्या लक्षात आलेलं होतं, पण एवढ्या नीटस कागदावर खाडाखोड कोण करणार? तेव्हापासून मी अर्धवट चित्रच घेऊन जातो आणि पहिला खडू माझ्याऐवजी दुसऱ्याच्या हातात देतो. पडद्यावर प्रोजेक्टरनं दाखवलेल्या तयार पाट्यांचंही हेच होतं. दिवे मालवले जातात, एक माणूस बोलतो, बाकीचे बघतात. माहिती द्यायला ते ठीक आहे. एकत्र ठरवायला त्याचा उपयोग फार थोडा.

खडू कुणाच्या हातात आहे याच्यावर नकाशात काय येतं ते ठरतं. पुरुषांनी काढलेल्या नकाशात रस्ते, शेतं, पंचायतीचं ऑफिस ठळक असतं. बायकांना वेगळा काढू दिला की हातपंप, पाण्याला जायची पायवाट, सरपण मिळतं ती जागा आणि अंधार पडल्यावर जिथून जायला नको वाटतं ती वळणं उमटतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की त्यांच्यातली तफावत हाच सभेचा पहिला विषय होऊ शकतो. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, तिचा असा उपयोग करता येतो. आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: नकाशाच्या कडेला काय राहून गेलं? ओढ्यापलीकडची वस्ती, उसाच्या तोडीला आलेल्यांची पालं, गायरानाकाठची दोन घरं. राहून गेलं असेल तर ‘इथं कोण राहतं?’ एवढंच विचारावं आणि उत्तर देणाऱ्याच्या हातात रांगोळी द्यावी.

अशा नकाशाचं बळ किती असतं याचं ठळक उदाहरण बांगलादेशातलं आहे. २००० च्या सुमारास तिथं कमल कार यांनी गावकऱ्यांना जमिनीवर गाव काढायला सांगितलं आणि मग कोण कुठं उघड्यावर शौचाला जातं तिथं पिवळी भुकटी टाकायला लावली. बघता बघता विहिरीभोवती, शाळेमागे, पाण्याच्या वाटेवर पिवळं पसरलं. व्याख्यानं ऐकून जे कुणाला पटलं नव्हतं ते लोकांनी स्वतःच्या हातांनी टाकलेल्या भुकटीत पाहिलं. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली, महाराष्ट्रातही आली. मात्र तिच्यात माणसाला लाज वाटायला लावण्याचा भाग आहे. एखाद्या गरीब घराकडे सगळ्यांच्या माना वळणार असतील तर असं चित्र काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चिंचोक्यांकडे येतो.

पाण्याचा ताळेबंद हा शब्द गावोगाव पोचला आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं तो करून दाखवला: पाऊस मोजायचा, गावात पाणी किती आलं ते काढायचं आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे त्या गावानं स्वतःवर घालून घेतलेले नियम. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं ते झालं. पुढे जलयुक्त शिवारमध्ये आणि २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावाचा ताळेबंद मांडायची पद्धत आली. पण बहुतेक ठिकाणी तो तक्त्यात असतो, ‘टीसीएम’ म्हणजे हजार घनमीटर अशा एककात. ग्रामसभेत ‘उपलब्ध भूजल ५०० टीसीएम’ असं वाचलं की माना हलतात आणि विषय पुढे सरकतो. हा आकडा कमी की जास्त, कुणालाच कळलेलं नसतं.

तो असा उतरवता येतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर. टँकर गावाला माहीत आहे, त्याच्यामागे धावलेली माणसं समोर बसलेली आहेत. समजा, गावाचं शिवार १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे गावावर पाच लाख टँकर पाणी पडलं. सभेत हे ऐकून लोक एकमेकांकडे बघतात. पण त्यातलं बरंच वाफ होऊन जातं, बरंच वाहून जातं, काही पीक आणि गवत पितं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा थोडाच. हिशेबाला दहा टक्के धरू. म्हणजे विहिरींना आणि बोअरना मिळणारे टँकर उरले ५० हजार.

आता शंभर चिंचोके मोजून सतरंजीवर ओतायचे. एक चिंचोका म्हणजे ५०० टँकर. गावाचं वर्षभराचं जमिनीतलं पाणी ते हेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आधी पिण्याचं बाजूला काढायचं. गावची लोकसंख्या १५०० धरली आणि जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर, तर वर्षाला साधारण ३००० टँकर होतात. सहा चिंचोके. जनावरं हजार, रोज ४० लिटर, म्हणजे जवळपास १५०० टँकर. तीन चिंचोके. नऊ गेले. हे नऊ एका वाटीत ठेवून ती वाटी गावातल्या वयस्कर बाईच्या हातात द्यायची. मी हे मुद्दाम करतो. वाटी एकदा तिच्याकडे गेली की पुढच्या सगळ्या ओढाताणीत त्या नऊला कुणी हात लावत नाही.

उरले एक्क्याण्णव. उसाला पावसाचं पाणी सोडून विहिरीतून हेक्टरी दीड हजार मिलिमीटर तरी धरावं लागतं. म्हणजे एका हेक्टरला तीन चिंचोके. रब्बी कांद्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास धरलं तर हेक्टरी एक चिंचोका. हरभऱ्याला २५० धरलं तर एका चिंचोक्यात दोन हेक्टर. हे आकडे जमिनीप्रमाणे, पाणी द्यायच्या पद्धतीप्रमाणे बदलतात. ठिबक असेल तर खाली येतात, म्हणून गावानं कृषी सहायकाला बसवून स्वतःचे आकडे काढावेत. पण खेळ सुरू करायला एवढे पुरतात. ज्यानं त्यानं यंदा काय लावायचंय ते सांगायचं आणि तेवढे चिंचोके उचलून आपल्या पुढ्यात ठेवायचे.

तीस हेक्टर ऊस झाला की नव्वद संपतात. हजार हेक्टरच्या शिवारात तीस! सतरंजीवर एक उरतो आणि अजून गावातली बहुतेक माणसं बोललेलीही नसतात. ही शांतता मी बऱ्याच बैठकांत ऐकली आहे. ऊसवाल्याला कुणी दोष दिलेला नसतो, भाषण झालेलं नसतं. ढीग त्याच्याच पुढ्यात असतो आणि बाकीच्यांचे हात रिकामे. मग कुणीतरी म्हणतं, एवढ्यात तर नव्वद हेक्टर कांदा झाला असता. कुणी म्हणतं, बंधारे दुरुस्त केले तर ढिगात आणखी चिंचोके येतील का? येतील, आणि किती येतील ते गावच्या पाणलोटावर काढता येतं. तेव्हा कुठे बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा विषय खऱ्या अर्थानं निघतो.

या खेळात वाचता येण्याची गरज नाही हे वेगळं सांगायला नको. तरी रंगांबद्दल एक सूचना. लाल आणि हिरव्यातला फरक काही जणांना, विशेषतः पुरुषांना, दिसत नाही आणि ते सभेत तसं सांगत नाहीत. म्हणून रंगाबरोबर आकारही वेगळा असावा: चिंचोका, खडा, काडी.

जिथं आकडे नाहीत, म्हणणी गोळा करायची आहेत, तिथं कार्डं वापरावीत. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता नेपाळच्या खेड्यांत काम करत. तिथं जमलेल्या ढीगभर नोंदींतून अर्थ लावण्यासाठी त्यांनी एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची आणि जवळची कार्डं एकत्र ठेवत जायची अशी रीत बसवली. गटाला ती फार सोयीची पडते. पोस्टकार्डाएवढे कागदाचे तुकडे, जाड स्केचपेन, एका कार्डावर एकच मुद्दा, चारपाच शब्दांत. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या शेजारी शाळेतलं पोर बसवायचं, आणि पोरानं तो सांगेल तसंच लिहायचं, सुधारून नाही. मग सगळी कार्डं भिंतीवर, सारखी सारखी जवळ. कार्डावर नाव नसतं, त्यामुळे सरपंचाचं म्हणणं आणि शेतमजुराचं म्हणणं एकाच मापाच्या कागदावर दिसतं. सभा सुरू व्हायच्या आधी स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसावं आणि अक्षर तिथून वाचता येतंय का ते बघावं. अर्ध्या बैठका इथेच फसतात.

काळाचा विषय असला की बारा महिन्यांची पट्टी काढतात. माझा अनुभव असा की पावसाळ्याची पट्टी नक्षत्रांवर काढावी: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नऊ चौकटी. ‘ऑगस्टमध्ये पाऊस कसा होता?’ याला म्हातारी माणसं अंदाजानं उत्तर देतात. ‘मघा कशा गेल्या?’ याला नेमकं देतात, आणि त्या चौकटीत ओंजळभर किंवा चिमूटभर खडे टाकतात.

भरकटणाऱ्या सभेसाठी कोपऱ्यात एक कोरा कागद लावावा, वर लिहावं ‘ऐनवेळचे विषय’. हा शब्द विषयपत्रिकेच्या शेवटी असतोच. बंधाऱ्याच्या चर्चेत कुणी रेशन दुकानाचं काढलं तर ते त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत तिथं लिहावं. बोलणं लिहिलं गेलं हे दिसलं की माणूस बसतो. पण शेवटची पंधरा मिनिटं त्या कागदासाठी राखावीच लागतात. एकदा न वाचता गुंडाळला, तर पुढच्या सभेत त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेतही हेच चालतं. देखभाल शुल्क का वाढवायचं यावर दरवर्षी तीच वादावादी होते. जमाखर्चाच्या पानाऐवजी दहा-दहाच्या दहा नोटा टेबलावर मांडा: दर शंभर रुपयांत पाण्याचे किती, लिफ्टचे किती, राखणदाराचे किती, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायच्या निधीत, किती. वाढ नको म्हणणाऱ्यानं कुठली नोट उचलायची ते उचलून दाखवावं.

राहिला ठरावाचा कागद. सभा संपायच्या आत, माणसं उठायच्या आत, फळ्यावर तीन रकाने काढावेत: काय, कोण, कधीपर्यंत. ‘समितीनं बघावं’ असं लिहू नये, माणसाचं नाव लिहावं, तेही त्यानं हो म्हटल्यावर. मग नकाशाचा, चिंचोक्यांच्या ढिगांचा आणि फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकावा आणि प्रोसिडिंगला त्याची प्रत जोडावी. रांगोळी वाऱ्यानं उडते, बकऱ्या चिंचोके तुडवतात. कुणीतरी तो नकाशा त्याच दिवशी मोठ्या कागदावर उतरवून घ्यावा. तो पंचायतीच्या कपाटात ठेवू नये, पारावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात, येताजाता दिसेल असा लावावा.

आणि चिंचोके एका डब्यात राखून ठेवावेत. हस्त सरलं, गावच्या पर्जन्यमापकानं यंदा ३५० मिलिमीटर दाखवलं, तर रब्बीच्या पेरणीआधीच्या सभेत डब्यातून सत्तरच मोजून सतरंजीवर ओतायचे. नऊ उचलून वाटीत टाकायचे, वाटी आजीकडे द्यायची. उरलेले एकसष्ट मध्ये ठेवायचे आणि मग विषयाला सुरुवात करायची.